खिडकीकडे वळलेला स्पीकर

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. पुड्यांचे रबरबँड जसे स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला आपोआप साठत जातात, तसे ते साठतात. मग एखाद्या दिवशी कुणीतरी एक ओढतो आणि त्याच्यामागून पाच-सहा बाहेर येतात! परवा सोसायटीत एकाने विचारलं, "शिंदे, तुम्ही साताऱ्याचे, जन्म बँकेत गेला. तुम्हाला हे जॅझचं वेड कुठून लागलं?" मी म्हटलं, "वटारहून." तो हसला. त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय.

चेष्टा कसली! नव्वदच्या दशकात आम्ही एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला तेव्हा अख्ख्या वसईत माझी आणि सुनंदाची ओळख होती फक्त दूधवाल्याशी. खालच्या मजल्यावर सामंत नावाचा एक इंजिनिअर राहायचा. एका रविवारी सकाळी त्याने बेल वाजवली आणि नाव-गाव राहिलं बाजूला, पहिला प्रश्न टाकला, "तुमची पाठ चांगली आहे ना?"

मी हो म्हटलं. त्याने मला खाली नेऊन एक लोखंडी धूड दाखवलं. त्याने स्वतः जोडलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर! तो रिक्षात घालून वसईजवळच्या वटार गावाला न्यायचा होता. एका बाजूने त्याने उचलला, दुसऱ्या बाजूने मी. माझ्या पाठीने मला आयुष्यात एवढं चांगलं दुसरं काही मिळवून दिलेलं नाही.

* * *

वटारला केळीच्या वाडीत पास्कल अंकलचं घर. अंकल म्हणजे लग्नाच्या बँडमधले जुने ट्रम्पेटवाले. चर्चमधली रविवारची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली की त्यांच्या पुढच्या खोलीत आमची बैठक बसायची ती जेवणापर्यंत. अंकलचा जावई विल्सन बोटीवर होता. तो अमेरिकेच्या बंदरांतून रेकॉर्डी आणायचा. जुन्या गाजलेल्या जॅझ आणि ब्लूजच्याच, पण मूळ टेपवरून नव्याने काढलेल्या, जाडजूड, हातात घेतल्यावर ताटलीसारख्या लागणाऱ्या. सामंत त्यांना "ऑडिओफाईल प्रेसिंग" म्हणायचा आणि हे शब्द उच्चारताना आवाज खाली आणायचा.

आमच्यातला चौथा बस्त्याव तांडेल. पाचूबंदरचा, स्वतःच्या मासेमारीच्या बोटीचा कप्तान, अंकलचा शाळेपासूनचा मित्र. पहिल्याच दिवशी सामंतने त्याला नवी रेकॉर्ड दाखवली. "एकशे ऐंशी ग्रॅम!" बस्त्यावने ती तळहातावर ठेवली, पापलेट जोखावं तशी दोनदा वरखाली केली आणि परत दिली. "नाय. कमी हाय."

सामंतची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी तो रेकॉर्ड घेऊन थेट सोनाराकडे गेला. सोनाराने तिच्याखाली कागद घातला, काळजीपूर्वक वजन केलं आणि ते बरोबर एकशे ऐंशी भरलं! सामंतला आकाश ठेंगणं झालं. आनंदाच्या भरात त्याने सोनाराला रेकॉर्डची किंमतही सांगून टाकली.

सोनार चष्म्यावरून बघत म्हणाला, "घडणावळ जास्त लावली हो तुम्हाला!"

* * *

बस्त्याव रेकॉर्ड सुरू झाली की दुसऱ्या मिनिटाला झोपायचा. साधंसुधं झोपणं नाही, घोरणं! सामंतच्या जिवाची घालमेल व्हायची. एवढी स्वच्छ केलेली रेकॉर्ड, टेपची खरखर जाईपर्यंत कुणीतरी परदेशात मेहनत घेतलेली, आणि वर ही वटारची खरखर!

गंमत म्हणजे बाजू संपून सुई उचलली गेली की बस्त्याव टक्क जागा व्हायचा आणि म्हणायचा, "मस्त होता!"

एकदा सामंतने वैतागून विचारलंच, "अहो, वाजत असताना झोपता आणि बंद झाल्यावर जागे कसे होता?"

बस्त्याव शांतपणे म्हणाला, "इंजिन बंद पडला का तांडेलाला जाग येतेच. नाय आली तर बोट जाईल ना!"

* * *

आता अंकलच्या घरातली खरी अडचण सांगतो. खोलीत दोन स्पीकर. सामंत दर रविवारी मोजपट्टी लावून ते मोजून-मापून आमच्या खुर्च्यांकडे वळवायचा. आणि ते वळले रे वळले की अंकल उठून त्यातला एक पुन्हा खिडकीकडे फिरवायचे!

"अंकल, स्टेरिओचं वाटोळं होतंय!"

"होऊ दे. ज्याला ऐकायचं त्याला ऐकू जातं."

खिडकीबाहेर विहीर होती आणि विहिरीपलीकडे दुसरं घर. तिथे अंकलचा धाकटा भाऊ इनास राहायचा. एका विहिरीवर दोन रहाट होते. मी रेमेत आंटींना, म्हणजे अंकलच्या बायकोला, सहज विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

दोघे भाऊ एकाच बँडमध्ये. पास्कल ट्रम्पेटवर, इनास सॅक्सोफोनवर. तरुणपणी अंकलना एका खलाशाने जॅझची एक रेकॉर्ड दिली होती. तिच्यातल्या ट्रम्पेटवाल्याला त्यांनी मनोमन गुरू केलं. रोज तिच्याबरोबर वाजवायचे, तिच्याशीच सूर जुळवायचे. ट्रम्पेटला एक सरकती नळी असते. ती आत ढकलली की सूर चढतो, बाहेर ओढली की उतरतो. सॅक्सोफोनच्या तोंडाजवळच्या टोकाचंही तसंच. अंकलची नळी त्या रेकॉर्डसाठी आत ढकललेली, ती तशीच राहिली. इनास मात्र देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, ऑर्गनशी सूर मिळवायचा. त्यामुळे बँडमध्ये अंकल सगळ्यांपेक्षा केसभर चढे!

धाकट्या बहिणीच्या लग्नात, भर मांडवात, इनासने तोंडातून सॅक्सोफोन काढला आणि म्हणाला, "दादा, सूर उतरव, नायतर वाजवू नको."

अंकल म्हणाले, "अमेरिकेतला उस्ताद खोटा, आनि तुज्या देवळातला ऑर्गन खरा?" त्यांनी ट्रम्पेट पेटीत घातली, पेटी घरी आणून कपाटात ठेवली. ती पुन्हा निघाली नाही. त्या दिवसापासून भावाशी शब्द नाही. दुसरा रहाट त्यानंतर बसला.

"आता दोघंपन थकले," आंटी म्हणाल्या. "मरायच्या आधी एकदा बोलले तर बरं. मी रोज तेवढंच मागते." मग डोळे पुसून म्हणाल्या, "जेवायला थांबा. तुमची बायको एकटी घरात काय करते? पुढच्या वेळी तिला घेऊन या."

* * *

सामंतला त्या खोलीत आणखी एक दोष सापडला होता. सॅक्सोफोन वाजला की त्याला त्याचा हलकासा पडसाद ऐकू यायचा. "भिंतीवरून आवाज परत येतोय," तो म्हणायचा. त्याने आंटींच्या घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या मागून घेतल्या आणि भिंतींवर टांगल्या. खोली गादीवाल्याच्या दुकानासारखी दिसायला लागली! पडसाद तरी येतच राहिला.

शेवटी तो उरलेली गोधडी खिडकीवर लावायला निघाला, तशा आंटी तरातरा बाहेर आल्या.

"खिडकी उघडीच राहील."

"आंटी, फक्त एक बाजू संपेपर्यंत..."

"एकपन बाजू नाय!"

आंटींपुढे सामंतचं विज्ञान कधीच चाललं नाही. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर तापतो हे कळल्यावर त्यांनी वड्यांच्या पिठाचं पातेलं त्याच्या शेजारी ठेवायला सुरुवात केली. पीठ असं काही फुगायचं! सामंतने हाय खाल्ली. आंटी म्हणाल्या, "तुमच्या मशीनचा एवढा तरी उपयोग झाला!" आम्ही ते वडे मटणाबरोबर खायचो. सर्वांत जास्त सामंत खायचा.

* * *

सुनंदाला मी घेऊन गेलो तो रविवार ब्लूजचा होता. ती शास्त्रीय शिकलेली, घरी हार्मोनियम, कान तयार. इंग्रजी गाण्याचे शब्द मात्र तिच्या कानाला लागेनात. पहिलं गाणं झाल्यावर तिने अंकलना विचारलं, "हा म्हणतोय काय?"

"त्याची बायको गेली सोडून."

दुसरं गाणं सुरू झालं. "आणि आता?"

"तीच. अजून आली नाय."

तिसरं गाणं. सुनंदाने नुसतं बघितलं.

"आता दुसरी केली होती, ती पन गेली," अंकल खिन्नपणे म्हणाले.

स्वयंपाकघरातून आंटींचा आवाज आला, "रविवारभर रेकॉर्डी ऐकत बसत असेल, मग जाईल नायतर काय!"

सुनंदा इतकी हसली की सामंतला सुई उचलावी लागली. वसईत आल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. परत येताना स्कूटरवर मागे बसून ती म्हणाली, "अहो, पुढच्या रविवारी पण जायचं ना?" त्या एका वाक्यासाठी मी त्या घराचा कायमचा ऋणी आहे.

* * *

मग तो मोटारींचा किस्सा. वाडीवाडीतल्या विहिरींवरच्या मोटारी रविवारी सकाळी एकदम सुरू व्हायच्या, विजेचा दाब पडायचा आणि अँप्लिफायर घूं घूं करायचा. एकदा नवी ब्लूजची रेकॉर्ड आली, तेव्हा सामंत सकाळीच आजूबाजूच्या घरी जाऊन आला. "पास्कल अंकलकडे कार्यक्रम आहे. थोडा वेळ मोटार बंद ठेवाल का?" लोक भले. कशाचा कार्यक्रम, एवढंही न विचारता सगळ्यांनी मोटारी बंद केल्या.

आता गावात सगळ्या मोटारी एकदम बंद कधी होतात? कुणी गेलं तर! पहिली बाजू निम्मी झाली असेल नसेल, अंगणात माणसं जमायला लागली. बायकांच्या हातात मेणबत्त्या, पुरुषांच्या टोप्या काढलेल्या. आत रेकॉर्डवर तो गायक जीव तोडून विव्हळत होता. अंकल बाहेर ओट्यावर आले तशी एक म्हातारी दचकून मागे सरली.

"पास्कल, तू हायेस?"

"हाय की!"

"मग आत रडतंय कोन?"

हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. आंटींनी सगळ्यांना चहा केला आणि अंकल म्हणाले, "आलाच आहात तर दुसरी बाजू ऐकून जा." निम्मे लोक खरंच बसले.

पण मी खिडकीजवळ होतो, म्हणून मला आणखी एक दिसलं. इनास अंकल विहिरीपर्यंत धावत आले होते. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती. भाऊ ओट्यावर हसत उभा आहे हे त्यांनी पाहिलं, विहिरीच्या कठड्याला धरून थोडा वेळ दम खाल्ला आणि आल्या वाटेने परत गेले. मी आंटींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी पन बघितलं." त्या रविवारी त्यांनी वड्यांची एक ताटली वरून झाकून विहिरीपलीकडे पाठवली.

* * *

दोन-चार वर्षांनी विल्सनने अंकलसाठी खास भेट आणली. तीच रेकॉर्ड! खलाशाने दिलेली, अजूनही दर रविवारी आधी वाजणारी, वाजवून वाजवून घासून गेलेली ती जुनी रेकॉर्ड, आता मूळ टेपवरून नव्याने काढलेली. अंकल मिस्सेचा कोट न काढताच बसले. सामंतने पांढरे हातमोजे घातले. सुई टेकली.

दोन सूर झाले नाहीत तोच अंकलनी हात वर केला. "थांबव! सूर उतरलाय!"

सामंतचं तोंड पांढरंफटक पडलं. अंकलचा कान चुकणार नाही, म्हणजे टर्नटेबल हळू फिरतंय! त्याने रेघांची एक पुठ्ठ्याची चकती आणली. ती फिरत्या टर्नटेबलवर ठेवायची. वेग बरोबर असेल तर ट्यूबलाईटच्या उजेडात रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. रेघा थांबल्या. तरी त्याने रबराचा पट्टा बदलला. पुढच्या रविवारी टर्नटेबलच्या मोटारीला तेल दिलं. त्याच्या पुढच्या रविवारी टर्नटेबलचे पाय मोजले. रेकॉर्ड आपली उतरलेलीच! बस्त्यावने मत दिलं, "माल शिळा असंल."

या सगळ्या खटाटोपात रेकॉर्डचं कव्हर मात्र कुणी हातात घेतलं नव्हतं. बोटांचे डाग पडतात म्हणून सामंतने ते पहिल्या दिवशीच प्लास्टिकमध्ये घालून कपाटावर ठेवलं होतं. हा आमचा शिरस्ताच होता. ऐकायचं, पण कव्हरला हात लावायचा नाही!

सुनंदा कंटाळली होती. तिने ते सरळ खाली काढलं, मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाली, "अहो, इथे लिहिलंय की."

"काय?"

"मूळ रेकॉर्डिंगच्या दिवशी टेपमशीन जरा हळू चाललं होतं. त्यामुळे नेहमीच्या वेगाने वाजवताना आजवरच्या सगळ्या रेकॉर्डींवर ही बाजू चढ्या सुरात वाजत आली. आता ती दुरुस्त केलीय. खरा सूर हाच आहे."

बस्त्यावसुद्धा जागा होता. अंकलनी तिला पुन्हा वाचायला सांगितलं. मग ते उठले, कपाट उघडलं आणि पेटी बाहेर काढली. ट्रम्पेटची नळी इतक्या वर्षांत घट्ट बसली होती. आंटींनी खोबरेल दिलं, बस्त्यावने जाळं ओढणाऱ्या हातांनी ती हळूहळू ओढली. नळी थोडी बाहेर आली. अंकलनी नव्या रेकॉर्डबरोबर एक सूर लावला. केसाचाही फरक राहिला नाही.

त्यांनी ट्रम्पेट मांडीवर ठेवली. "इनास खरा होता," ते म्हणाले. "मांडवात पन खराच होता." आणि ते रडले. आम्ही चौघे गोधड्यांकडे बघत बसलो.

* * *

पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा अंकल विहिरीपाशी उभे होते, हातात ट्रम्पेट. आंटी दारात, ओठ हलत होते, देवाचं चाललं असावं. आम्ही ओट्यावरच थांबलो. बस्त्याव खांबाला टेकून बसला.

"इनास!" अंकलनी हाक मारली.

पलीकडच्या घराचं दार उघडलं. इनास अंकल बाहेर आले. दोघांच्या मधे विहीर.

"रेकॉर्ड खोटी होती," अंकल म्हणाले. "तुजा ऑर्गन खरा."

इनास अंकल वळले आणि आत गेले. आंटींनी माझ्या बायकोचा हात घट्ट धरला. संपलं, असंच मला वाटलं.

पण ते परत बाहेर आले. गळ्यात सॅक्सोफोन होता. बँड सुटून वर्षं लोटली होती, तरी त्याच्यावर धुळीचा कण नव्हता, चकचकीत! ते विहिरीला वळसा घालून अलीकडे आले आणि कठड्यावर भावाशेजारी बसले. सामंत माझ्या कानात कुजबुजला, "आता ऐका. आता दोघांचा सूर एक."

दोघांनी त्याच रेकॉर्डमधली सुरावट धरली. बस्त्यावचे डोळे मिटले. आणि लगेच सुनंदाने मला कोपर मारलं. "अहो, पुन्हा लागत नाहीये! आता इनास अंकल चढे आहेत!"

अंकलना ते आमच्या आधीच कळलं होतं. त्यांनी ट्रम्पेट तोंडापासून काढली. सगळं थांबलं. बस्त्याव टक्क जागा झाला आणि ओरडला, "काय झाला? का बंद केलाव?"

अंकल वाकून सॅक्सोफोनकडे बघत होते. तोंडाजवळचं टोक खूप आत सरकवलेलं होतं.

"हा कदी आत ढकललास?"

इनास अंकल विहिरीत बघत म्हणाले, "तू स्पीकर माज्या खिडकीकडे फिरवलास ना, दादा. तवापासून."

सामंतने दारातून आतल्या भिंतींवरच्या गोधड्यांकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि पुटपुटला, "म्हणजे तो पडसाद..."

अंकलनी ट्रम्पेट उचलली. आठवडाभर जपून बाहेर ठेवलेली ती नळी अंगठ्याने पुन्हा आत ढकलली, पार जुन्या जागी.

"चल," ते म्हणाले, "वाजव."